लोधिवलीची लाइफलाइन

टीव्हीसमोर बसून करोडपती झालेला एक तरी माणूस प्रत्येक गावात असतोच. आमच्या लोधिवलीत त्याला अप्पा म्हणतात. मुंबईहून जुन्या हायवेने पुण्याकडे निघालात की चौकच्या अलीकडे आमचं गाव लागतं. लागतं म्हणजे, ड्रायव्हरने गाडी जरा हळू केली तर. बाहेरच्या लोकांना लोधिवली माहीत आहे ती हायवेलगतच्या मोठ्या हॉस्पिटलामुळे. गावातल्या लोकांच्या लेखी मात्र अप्पा हीसुद्धा तेवढीच मोठी संस्था आहे. फरक इतकाच, की हॉस्पिटलात भेटायच्या वेळा ठरलेल्या असतात.

अप्पा पाताळगंगेच्या एका केमिकल कंपनीतून पॅनल ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी तीन पाळ्यांत गेली. दर तासाला प्रेशर, टेंपरेचर, लेव्हल वाचायची आणि लॉगशीटवर चढवायची, ही सवय अंगात इतकी मुरली, की निवृत्तीनंतर वाचायला मीटर उरले नाहीत तेव्हा त्यांनी टीव्ही वाचायला घेतला. वेश ठरलेला. खाली पट्ट्याची हाफ पँट, वर कुठल्याशा सुरक्षा सप्ताहात फुकट मिळालेला टी-शर्ट, पाठीवर 'सेफ्टी फर्स्ट'. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. टीव्हीपासून तीन फुटांवर प्लास्टिकची हाताची खुर्ची, तिच्यात चपटी झालेली उशी. ही हॉट सीट. जावई आला तरी त्याला सोफ्यावर बसवतात, खुर्चीवर नाही.

त्यांची उत्तर द्यायची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. पडद्यावर चार पर्याय आले की अप्पा पहिल्यावर म्हणतात, "हे असू शकतं." दुसऱ्यावर "हेही नाकारता येत नाही." तिसऱ्यावर नुसतेच हसतात, जणू प्रश्न काढणाऱ्याची लबाडी कळली. चौथ्यावर मान हलवतात. ती आडवी हलवली की उभी, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. मग बरोबर उत्तर हिरवं झालं की खुर्चीच्या हातावर थाप पडते आणि मान काकूंकडे वळते. "बोललो होतो का नाही?" काकू लसूण सोलत असतात. त्या "हो" म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हो म्हणायला काय जातं?

हे सगळं वहीत उतरतं. वहीत कंपनीच्या लॉगशीटसारखेच रकाने आखलेले आहेत. तारीख, प्रश्न, स्पर्धकाचं उत्तर, आमचं उत्तर, शेरा. 'आमचं उत्तर' हा रकाना कार्यक्रम संपल्यावर, जेवणं झाल्यावर, निळ्या पेनने भरला जातो, आणि त्यात आजतागायत एकही चूक सापडत नाही. शेऱ्याच्या रकान्यात स्पर्धकाविषयी मोजके शब्द: 'घाई केली', 'वाचन कमी', 'लाइफलाइन फुकट घालवली'. एका डॉक्टरबाईंपुढे नुसतंच 'अरेरे'.

या वहीची सुरुवात 3 जुलै 2000 ची. स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' त्या रात्री नऊला सुरू झालं, आणि त्या आठवड्यात अप्पांची सेकंड शिफ्ट होती. घरी यायला रात्रीचे साडेअकरा वाजायचे. आळीतले सगळे अमिताभसारखं "लॉक किया जाए?" म्हणायला शिकले आणि आपण मागे राहिलो, हे दुःख त्यांनी फार दिवस सोसलं नाही. दोन सहकाऱ्यांना नाइट शिफ्टचं आमिष दाखवून त्यांनी पाळ्या बदलून घेतल्या. पण ऑक्टोबरात मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने एक कोटी जिंकले, देशातला पहिला करोडपती आपला मराठी पोरगा निघाला, तेव्हा नेमक्या त्या बदली नाइट फेडायचं काम चालू होतं. "मी नाइटला होतो, नाहीतर..." असं अप्पा अजून म्हणतात. नाहीतर काय झालं असतं, हे विचारायची आमची कोणाची हिंमत झालेली नाही.

पुढे 2013 ला ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर प्रश्न मराठीतून विचारू लागले, 2019 ला सोनी मराठीवर नागराज मंजुळे आले, आणि अप्पांची शेवटची सबबही गेली. तोवर ते "आपलं हिंदी जरा कच्चं" म्हणत होते. त्याच 2019 साली हिंदी कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बाई. त्या रात्री काकूंनी लसूण बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा पूर्ण भाग पाहिला. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "बाईने उत्तर द्यायला वेळ नाही घेतला हो फार." अप्पांनी त्या दिवशीच्या शेऱ्यात लिहिलं: 'उत्तम'. पुढे कंसात: 'आमचंही तेच होतं'.

नाव नोंदवायचे प्रयत्नही झाले, नाही असं नाही. पूर्वी चौकच्या एसटीडी बूथवरून, मग मोबाइलवरून, मग नातवाने ॲप टाकून दिलं त्यावरून. नोंदणीचा प्रश्न सोपा असतो. प्राथमिक शाळेतलं पोर सांगेल इतका. अप्पांना तिथेच संशय येतो. "इतकं सोपं विचारणार नाहीत. यात काहीतरी आहे." ते काहीतरी शोधेपर्यंत नोंदणीची मुदत संपते.

पण माणसाला खरं वळण मिळालं ते एका चंद्रामुळे. कुठल्याशा चॅनेलवरच्या कुठल्याशा शालेय क्विझमध्ये प्रश्न आला: युरेनसच्या बहुतेक चंद्रांना कोणाच्या साहित्यातल्या पात्रांची नावं दिली आहेत? त्या दिवशी घरात पाहुणे होते, म्हणून अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा पर्याय हिरवा व्हायच्या आधी ठामपणे उत्तर दिलं. "टॉलस्टॉय. डोळे झाकून." दातांना तारा लावलेल्या एका सातवीतल्या पोराने शांतपणे "शेक्सपिअर" म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. पाहुणे चहाकडे बघू लागले. काकूंना हा ग्रह हर्षल म्हणून पत्रिकेपुरता माहीत; पण त्यांनाही हसू आवरलं नाही. वहीत त्या तारखेपुढचा 'आमचं उत्तर' हा रकाना कोरा आहे. मी स्वतः पाहिलाय.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी सूर्यमालेतले सगळे चंद्र पाठ करायला घेतले. बदला म्हणूनच घेतले, पण हळूहळू त्यांना त्यात गोडी लागली. आकाश बघायचं म्हटलं तर आमच्याकडे अंधार तो कसला? एका बाजूला हायवेचे दिवे, दुसऱ्या बाजूला कंपन्यांचे. इर्शाळगडाच्या वर एखादा ठळक तारा दिसला तरी अप्पा त्याला गुरू म्हणतात आणि तो हलू लागला की विमान म्हणतात. तेव्हा अभ्यास सगळा कागदावर. मंगळाचे दोन, पाठ करायला अर्धा मिनिट. गुरूचे मोठे चार, गॅलिलिओने 1610 साली पाहिलेले, तेही झाले. मग शनी आला, आणि अप्पा त्यात अडकले ते अडकलेच.

शनीसाठी त्यांनी वहीत आठ पानं सोडली होती. मार्च 2025 मध्ये बातमी आली, की शनीभोवती एकदम 128 नवे चंद्र मान्य झाले, एकूण संख्या 274. अप्पा जेवत होते. पानावरून उठले नाहीत, पण घास हातातच राहिला. पानं पुरेनात म्हणून नवी दोनशे पानी वही आली. त्यात आणखी घोळ असा, की या नव्या चंद्रांपैकी एकालाही नाव नव्हतं. नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि सालाचे क्रमांक. अप्पा भयंकर अस्वस्थ झाले. "पोरं जन्माला घालून ठेवलीत एकशेअठ्ठावीस, आणि बारसं एकाचं नाही!" आळीत जो भेटेल त्याला हे ऐकवत होते. दोन दिवस लोकांना वाटलं, कुठल्या तरी अनाथाश्रमाबद्दल बोलतायत.

मग त्यांनी बारशाचे नियम शोधून काढले. नावं पक्की करतो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, त्याचं कार्यालय पॅरिसला. शनीच्या दूरच्या चंद्रांचे कळप आहेत. एका कळपाला इनुइट लोकांच्या कथांमधली नावं, एकाला प्राचीन गॉलच्या पुराणातली, आणि सगळ्यात मोठ्या कळपाला उत्तर युरोपच्या पुराणातली, तीही बहुतेक राक्षसांची. यमिर, सुर्तुर, फेनरिर. हे वाचून अप्पा खुर्चीतून उठले. "राक्षसच हवेत ना? मग बकासुर काय वाईट आहे? घटोत्कचाने काय घोडं मारलंय?" आपली नावं वर गेलीच नाहीत असं नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. 2019 साली भारताला एक दूरचा तारा आणि त्याचा ग्रह नाव द्यायला मिळाला, तेव्हा ताऱ्याला शास्त्रज्ञ विभा चौधुरी यांच्यावरून विभा आणि ग्रहाला संतमस म्हटलं. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या एका लघुग्रहाला पंडित जसराज यांचं नाव आहे. म्हणजे दार उघडं होतं, आत शिरायचं कोणी एवढाच प्रश्न.

त्या रात्री अकरा वाजता त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली. हातात कागद. "अरे, हिशोब जुळला! कौरव शंभर. बहीण दुःशला धरून एकशेएक. वर नक्षत्रं सत्तावीस. किती झाले?" मी झोपेत बेरीज केली. एकशेअठ्ठावीस. बरोब्बर. अंगावर काटा आला, हे कबूल करायला हवं. शास्त्रज्ञांनी चंद्र शोधायला दुर्बिणी लावल्या आणि संख्या महाभारतात आधीच भरलेली होती, अशा थाटात अप्पा माझ्याकडे बघत होते. आतून माझ्या बायकोने विचारलं, "शंभर कौरवांची नावं येतात का अप्पांना?" अप्पा म्हणाले, "दुर्योधन, दुःशासन, विकर्ण..." आणि कागदाची घडी घालून घरी गेले.

त्यानंतर आदिपर्वातून यादी उतरवून घेण्याचं काम चालू आहे. पॅरिसला पाठवायचं पत्र तयार आहे, इंग्रजी नातवाचं, भावना अप्पांच्या. पाकिटावर तिकडचा पिनकोड काय घालायचा यावर ते थांबलंय. सध्या ते टीव्हीच्या मागे, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात आहे.

काकूंना या प्रकरणात अजिबात रस नव्हता, एवढं म्हणणं अन्यायाचं होईल. मंगळाच्या चंद्रांची गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकली. वॉशिंग्टनच्या वेधशाळेत असाफ हॉल 1877 साली चंद्र शोधून शोधून थकला आणि सोडून द्यायला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने, अँजेलिन स्टिकनीने, त्याला परत दुर्बिणीशी धाडलं. मग फोबॉस आणि डिमॉस दोन्ही सापडले. पुढे फोबॉसवरच्या सगळ्यात मोठ्या विवराला तिचं माहेरचं नाव दिलं, स्टिकनी. अप्पांनी हे मोठ्या प्रेमाने सांगितलं. काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे नवऱ्याला दोन चंद्र आणि बायकोला खड्डा." मग पदर खोचत म्हणाल्या, "खड्डाच द्यायचा तर इथे रस्त्यात थोडे आहेत का? त्यासाठी मंगळावर कशाला जायचं?"

प्लुटोचा चंद्र शोधणाऱ्या जेम्स क्रिस्टीने 1978 साली कॅरन हे नाव सुचवलं ते बायकोच्या शार्लीन या नावावरून, हे सांगून अप्पांनी सावरायचा प्रयत्न केला. "मी चंद्र शोधला तर तुझंच नाव देईन." काकू म्हणाल्या, "आधी रिमोट शोधा. सकाळपासून सापडत नाहीये."

अप्पांचं हे ज्ञान गावभर पसरतं ते चौकच्या शेअर रिक्षातून. सकाळी ते भाजीला निघतात, कॉलेजला जाणारी पोरं त्याच वेळी निघतात, आणि रिक्षात बसलेल्या माणसाला पळता येत नाही. युरेनस त्यांचा खास. टायटेनिया आणि ओबेरॉन, परीलोकांचे राणी-राजा, शेक्सपिअरच्या नाटकातले. मिरांडा, दुसऱ्या नाटकातली, कायपर नावाच्या माणसाने 1948 साली हुडकलेली. "आणि चौथा जो आहे ना, त्याची तर भलतीच गंमत..." इथे चौक येतं. रोज इथेच येतं. रिक्षावाला सुट्टे मागतो, पोरं उड्या मारून पळतात, चौथ्या चंद्राची गंमत अप्पांच्या पिशवीत भाजीखाली जाते.

आता गणपतीचं सांगतो. आमच्या आळीचं मंडळ दर वर्षी एका रात्री 'करोडपती' खेळतं. खजिनदार अमिताभचा आवाज काढतो, लॅपटॉपवर घड्याळ टिकटिकतं, बक्षीस पाच लिटरचा प्रेशर कुकर. प्रश्न घराघरांतून चिठ्ठ्यांवर मागवतात. प्रत्येक घरातून पाच. अप्पांनी एक वही दिली. मंडळाने त्यातले थोडे निवडले आणि अट घातली, की खेळाच्या रात्री अप्पांनी घरीच बसायचं. कारण आदल्या वर्षी प्रेक्षकांत बसून त्यांनी प्रत्येक प्रश्नावर स्पर्धकाच्या आधी "हेही नाकारता येत नाही" म्हटलं होतं.

त्यातही 2025 चा ऑगस्ट. गणपती आठवड्यावर आलेले आणि बातमी आली, की जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत युरेनसचा आणखी एक चंद्र सापडला, आता 29. अप्पा तडक मंडपात. त्यांच्या एका चिठ्ठीवर उत्तर 28 होतं. खजिनदार बांबूवर चढून झालर बांधत होता. त्याने वरूनच विचारलं, "अप्पा, विसर्जनापर्यंत आणखी वाढणार असतील तर आत्ताच सांगा. मी प्रश्नच काढून टाकतो."

खेळाच्या रात्री शेजारच्या घरातली कॉलेजची मुलगी अंतिम प्रश्नापर्यंत पोचली. प्रश्न आला: युरेनसचा पुढीलपैकी कोणता चंद्र शेक्सपिअरच्या नाटकातला नाही? (अ) टायटेनिया, (ब) मिरांडा, (क) ओबेरॉन, (ड) अंब्रिएल. मंडपात हशा पिकला. प्रश्न कोणी काढला असेल हे शेंबड्या पोरालाही कळलं. मुलीने विचार न करता फोन-अ-फ्रेंड घेतला. तीस सेकंद. फोन स्पीकरवर, स्पीकर माइकपाशी, माइक भोंग्याला. अप्पांचं घर मंडपामागच्या दुसऱ्या आळीत.

"हॅलो अप्पा, मी मंडपातून बोलतेय."

"बोल बाळा. जेवलीस का?"

"अप्पा, तीसच सेकंद आहेत." तिने प्रश्न वाचला, पर्याय वाचले. बारा सेकंद गेले.

"अगं, काय सुंदर प्रश्न आहे! कोणी काढला गं?"

"अप्पा, उत्तर!"

"उत्तराकडेच येतोय. बघ, 1781 च्या मार्चमध्ये विल्यम हर्शेल आपल्या बागेत दुर्बीण लावून बसला होता..." इथे त्यांना भोंग्यातून स्वतःचाच आवाज मागून ऐकू आला. "कोण बोलतंय मध्ये? हां, तर हर्शेल. मुळात माणूस संगीतातला. ऑर्गन वाजवायचा. बाथ नावाच्या गावी..."

घंटा झाली.

फोन मात्र कोणी बंद केला नाही. खजिनदार बंद करायला गेला तर पुढे बसलेली पोरं ओरडली, "राहू द्या!" मग सबंध आळीने ऐकलं. हर्शेलला नव्या ग्रहाला इंग्लंडच्या राजाचं, तिसऱ्या जॉर्जचं नाव द्यायचं होतं आणि जगाने ते घेतलं नाही. 1787 मध्ये त्याने दोन चंद्र पाहिले, पण त्यांना नावं मिळायला 1852 उजाडलं, ती त्याच्या मुलाने, जॉनने दिली. मधल्या काळात लिव्हरपूलच्या लॅसेल नावाच्या माणसाने आणखी दोन शोधले, आणि हा लॅसेल पोटापाण्यासाठी बिअर गाळायचा. (मागच्या रांगेतून टाळ्या.) त्या दोघांतला एक अंब्रिएल, आणि तो शेक्सपिअरचा नव्हेच, अलेक्झांडर पोप नावाच्या कवीच्या एका विनोदी दीर्घकाव्यातला. "पोप म्हणजे रोमचा नव्हे हं," अप्पांनी खुलासा केला. तोवर आरतीचं तबक तयार होऊन भटजी खोळंबले होते.

मुलीने त्याच्या कितीतरी आधी 'ड' लॉक केलं होतं. कुकर तिला मिळाला. कसं ओळखलंस, असं खजिनदाराने माइक धरून विचारलं. ती म्हणाली, "रिक्षात अप्पा तिघांची नाटकं रोज सांगतात. चौथ्याचं राहिलेलं असतं. म्हणजे वेगळा तोच असणार."

आरतीला अप्पा इस्त्रीच्या शर्टात आले. प्रसाद घेताना जो समोर येईल त्याला सांगत होते, "पोरगी हुशार आहे. मी फक्त दिशा दिली." त्या रात्रीच्या नोंदीत 'आमचं उत्तर' या रकान्यात अंब्रिएल आहे, आणि यावेळी ते खरंच त्यांचं होतं. शेरा: 'वेळ कमी दिला'.

अप्पांना करोड रुपये मिळणार नाहीत, याची मला खात्री आहे. त्या खेळाला एक अक्षर लागतं आणि अप्पांकडे सुटं काही नाही. जे आहे ते बाथच्या बागेपासून सुरू होतं. पण शाळेत मला युरेनस शिकवला होता तो एका ओळीत, आणि ती ओळही आता आठवत नाही. भोंग्यावरचा बिअरवाला मात्र आळीतल्या पोरांना पाठ आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाचा नंबर अशा कार्यक्रमात लागलाच, तर फोनच्या यादीत आमच्या अप्पांचं नाव घालू नका. त्यापेक्षा एखाद्या रविवारी लोधिवलीला उतरा. रात्री नऊच्या आत या, नंतर ते हॉट सीटवर असतात. चहा काकू देतील. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधीच विचारून ठेवा, आणि ती वेळ अप्पांना सांगताना अर्धा तास अलीकडची सांगा.